आरोपीचा वकील आणि तालुक्याची समिती
(बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक अभ्यास)

राज्यशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्कांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्याने चोरी केली, ज्याने खून केला, त्याला सरकारने स्वतःच्या खर्चाने वकील का द्यावा? फिर्यादीच्या घरी दुःख, आणि आरोपीला मात्र फुकट वकील, हा कुठला न्याय? प्रश्न विचारणारा विद्यार्थी काही दुष्ट नसतो. तो आपल्या सर्वांच्या मनातला प्रश्न मोठ्याने विचारतो, एवढेच. या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातल्या कलमांनी देऊन भागत नाही. ते उत्तर आपल्याच तालुक्याच्या न्यायालयात, तेथल्या वकिलांच्या संघटनेत आणि विधी सेवा समितीच्या कामात शोधावे लागते. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आरोपी आणि गुन्हेगार हे दोन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी, आणि ज्याच्यावरील आरोप न्यायालयात सिद्ध झाला तो गुन्हेगार. या दोहोंमध्ये जे अंतर आहे त्यालाच खटला म्हणतात. हे अंतर एका बाजूने सरकारी वकील, पोलीस आणि साक्षीदार चालून येतात. दुसऱ्या बाजूने कोणीच चालले नाही, तर त्याला खटला म्हणता येणार नाही. तो केवळ एक देखावा होईल. म्हणून वकील द्यावयाचा तो गुन्हेगाराला नव्हे. दोषी कोण, हे अद्याप ठरावयाचे असते, आणि ते नीट ठरावे यासाठीच तो द्यावयाचा असतो.

सुप्याची आठवण

आपल्या परिसराला हा विचार नवा नाही. 12 मे 1875 रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात मोडत असे. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात प्रसिद्ध असलेले हे प्रकरण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. कर्जाच्या दाव्यांत कुणबी न्यायालयात हजरच राहत नसे, आणि निकाल एकतर्फी होत असत, ही गोष्ट त्या चौकशीतून ठळकपणे पुढे आली. समन्स वाचता येत नाही, न्यायालय दूर, वकिलाला द्यावयास पैसा नाही. मग जाऊन काय करावयाचे? सावकाराच्या हातात वही होती आणि वकीलही होता. कुणब्याच्या हातात यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

या चौकशीचे फळ म्हणजे 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी तो झाला. कर्जाच्या व्यवहारावरील त्यातील तरतुदी सर्वांना ठाऊक असतात. परंतु त्यातच एक लहानशी तरतूद अशी होती की, शेतकऱ्याच्या विरुद्ध पक्षाने वकील दिला असेल आणि शेतकऱ्याची ऐपत नसेल, तर न्यायाधीशाने जिल्हा न्यायाधीशाच्या संमतीने सरकारी वकिलाला किंवा अन्य योग्य व्यक्तीला त्या शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहण्यास सांगावे. ही तरतूद दिवाणी दाव्यांपुरती होती हे खरे. पण एका पक्षाला वकील आणि दुसऱ्याला नाही, अशा स्थितीत न्याय होत नाही, ही कबुली कायद्याने आपल्या भागात त्या वर्षीच दिली होती.

त्याच 1879 साली पुण्यात वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला चालला. सरकारविरुद्ध बंड केलेल्या या माणसाचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. तरीही सार्वजनिक सभेचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. फडके यांना जन्मठेपेची शिक्षा झाली, एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. काकांना खटला जिंकता आला नाही. पण नावडत्या आरोपीच्या शेजारी उभे राहण्याचा धडा महाराष्ट्राच्या वकिलीला त्यांनी घालून दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

दयेकडून हक्काकडे

स्वातंत्र्यानंतर या विचाराला कायद्याचे रूप टप्प्याटप्प्याने आले. 1949 साली तत्कालीन मुंबई राज्याने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गरिबांना कायद्याची मदत देण्यासाठी राज्यापासून तालुक्यापर्यंत समित्या असाव्यात, असे त्या समितीने सुचविले. तालुक्याच्या समितीची कल्पना इतकी जुनी आहे. ती प्रत्यक्षात येण्यास मात्र फार काळ लागला.

संविधानाच्या कलम 22 ने अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला. पण पसंती करावयाची तर आधी ऐपत हवी. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम 39 अ घातले आणि मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरविले. त्यापूर्वी, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 304 नुसार, सत्र न्यायालयातील ज्या आरोपीला वकील देण्याची ऐपत नाही त्याला सरकारी खर्चाने वकील देणे बंधनकारक झाले होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली असून हीच तरतूद तिच्या कलम 341 मध्ये आहे.

पुढचे काम सर्वोच्च न्यायालयाने केले, आणि त्यातील काही महत्त्वाचे निकाल महाराष्ट्रातील प्रकरणांवरचे आहेत. 1978 च्या होसकोट प्रकरणात आरोपीला उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रतच मिळाली नव्हती, आणि अपिलाला चार वर्षांहून अधिक उशीर झाला होता. न्यायालयाने त्याची शिक्षा कमी केली नाही. परंतु कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील मिळाला पाहिजे, असा नियम घालून दिला. 1979 च्या हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न पुढे आला. 1981 च्या खत्री प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, आरोपीला प्रथम दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात त्याच क्षणापासून हा हक्क सुरू होतो. 1986 च्या सुकदास प्रकरणात आणखी एक पाऊल पडले: आरोपीने मागितले नाही म्हणून वकील दिला नाही, ही सबब चालणार नाही. अडाण्याला आपला हक्क माहीत नसतो, म्हणूनच तर तो त्याला सांगावयाचा असतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निकाल 1983 चा. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांची स्थिती पाहून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर न्यायालयाने आदेश दिला की, पोलिसांनी कोणाला अटक करताच त्याची खबर जवळच्या कायदा साहाय्य समितीला द्यावी, आणि तुरुंगाधिकाऱ्यांनी कच्च्या कैद्यांच्या याद्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवाव्यात. समिती म्हणजे केवळ अर्जाची वाट पाहणारे कार्यालय नव्हे, तर पोलीस ठाणे आणि कोठडी यांच्याशी रोजचा संबंध असलेली संस्था, हा विचार येथून रुजला.

समितीची रचना आणि काम

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 साली संमत झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. त्यानुसार देशाला राष्ट्रीय प्राधिकरण, राज्याला राज्य प्राधिकरण, जिल्ह्याला जिल्हा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती अशी रचना आहे. तालुक्यातील सर्वांत ज्येष्ठ न्यायिक अधिकारी हा पदसिद्ध अध्यक्ष असतो. समितीचे दैनंदिन काम मात्र स्थानिक वकिलांवाचून चालू शकत नाही.

कायद्याच्या कलम 12 मध्ये मोफत साहाय्यास कोण पात्र, याची यादी आहे. अनुसूचित जाती व जमाती, स्त्रिया व मुले, अपंग, आपत्तिग्रस्त, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादा आहे. येथे आपल्या परिसराच्या दृष्टीने एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. इंग्रजी राजवटीत काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा होता. तो 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. कायदा गेला तरी संशय गेला नाही, हे आपण गावोगावी पाहतो. चोरी झाली की प्रथम पारध्याच्या पालावर आणि रामोशाच्या घरी जाण्याची सवय जुनी आहे. यांपैकी फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत मोडतात, म्हणून ते कलम 12 नुसार आपोआप पात्र ठरतात. रामोशी विमुक्त जातींत आहेत, आणि विमुक्त जातींचा उल्लेख या कलमात नाही. म्हणजे कोठडीबाहेर असलेल्या रामोशी पुरुषाला उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. एकाच संशयाचे दोन बळी, पण कायद्याच्या दारात एकाला सरळ वाट आणि दुसऱ्याला वळसा.

समितीच्या कामाचे स्थूलमानाने चार भाग पडतात. पहिला भाग वकिलांच्या नामिकेचा. कोणते वकील हे काम करतील याची निवड करावयाची. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांनुसार सर्वसाधारणपणे तीन वर्षांहून कमी अनुभवाचा वकील नामिकेवर घेऊ नये, असे आहे. दुसरा भाग रिमांडच्या वेळी हजर राहण्याचा. तिसरा भाग कोठडीला आणि तुरुंगाला भेट देण्याचा. चौथा भाग देखरेखीचा: दिलेला वकील तारखेला हजर राहिला का, उलटतपासणी घेतली का, आरोपीशी बोलला का, हे पाहण्यासाठी विनियमांत स्वतंत्र देखरेख समितीची तरतूद आहे. लोकअदालत भरविणे हे समितीचे सर्वांत दिसणारे काम. परंतु आपसात न मिटविता येणारे गुन्हे लोकअदालतीपुढे जाऊच शकत नाहीत. म्हणून लोकअदालतीत किती प्रकरणे मिटली, एवढ्यावरून फौजदारी बचावाचे काम मोजणे चुकीचे होईल.

एक काल्पनिक उदाहरण

हे सारे व्यवहारात कसे घडते ते पाहण्यासाठी एक उदाहरण कल्पू. समजा, बीड जिल्ह्यातला एक ऊसतोड मजूर हंगामात इंदापूर तालुक्यात आला आहे. कोपीवर राहतो, पहाटे फडात जातो. शेजारच्या वस्तीवरून पाण्याची मोटर चोरीस गेली आणि संशयावरून पोलिसांनी त्याला धरले. चोवीस तासांच्या आत त्याला इंदापूरच्या न्यायालयात उभे केले जाते. कोठडी द्यावी की नाही, याचा निर्णय त्या काही मिनिटांत व्हावयाचा असतो. त्या वेळी शेजारी वकील असेल तर तो विचारील: अटकेचे कारण काय, नातेवाइकांना कळविले का, माल कोठे सापडला, मारहाण झाली का? वकील नसेल तर हे प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसते.

पुढे जामीन मंजूर झाला असे धरू. आता जामीनदार हवा, आणि जामीनदाराची ऐपत दाखविण्यास बहुधा सातबारा लागतो. मजुराचा मुकादम हात झटकतो, टोळी पुढच्या फडावर जाते, आणि ज्याच्या नावे जमीन आहे असा त्याच्या ओळखीचा माणूस दीडदोनशे किलोमीटरवर. 1978 च्या मोतीराम प्रकरणात नेमकी हीच अडचण सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. एका गवंड्याला दहा हजार रुपयांचा जामीन सांगितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन नाकारला गेला. दुसऱ्या जिल्ह्याचा जामीनदार नाकारणे योग्य नव्हे आणि गरिबाला परवडणार नाही असा जामीन मागू नये, असे न्यायालयाने बजावले. 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्देश दिला की, जामीन मंजूर होऊनही कैदी सात दिवसांत सुटला नाही, तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे. पण हे निकाल त्या मजुराला कोण सांगणार? न्यायालयाच्या ध्यानी ते कोण आणून देणार? तेथे समितीचा वकील लागतो.

आणखी एक गोष्ट. ठरावीक मुदतीत, म्हणजे गुन्ह्याच्या स्वरूपानुसार 60 किंवा 90 दिवसांत, दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. हा हक्क दिवस मोजणाऱ्याला मिळतो. कोठडीतला निरक्षर माणूस दिवस मोजतो खरा, पण कलम मोजत नाही.

प्रकरण गंभीर असेल तर ते सत्र न्यायालयाकडे सुपूर्द होते. इंदापूर तालुक्यातील असे खटले बारामतीच्या अतिरिक्त सत्र न्यायालयात चालत आले आहेत. आरोपी येरवड्याच्या तुरुंगात, खटला बारामतीला, घर इंदापूर तालुक्यात, आणि वकील या तिघांच्या मध्ये. पुणे ते बारामती हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वकील आणि आरोपी यांची पहिली खरी भेट साक्षीच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात व्हावी, यात नवल ते काय! 2019 च्या अनोखीलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षे वकिली केलेलाच वकील द्यावा आणि तयारीला निदान सात दिवस तरी द्यावेत. 2022 पासून जिल्हा पातळीवर केवळ बचावाचेच काम करणाऱ्या पूर्णवेळ वकिलांची योजनाही सुरू झाली. सरकारी वकिलाचे जसे कार्यालय असते, तसे बचावाचेही असावे, हा तिच्यामागील विचार. तालुक्यापर्यंत हा विचार जितका पोहोचेल तितके बरे.

वकील संघटनेची कसोटी

समिती न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असली तरी तिचा कणा म्हणजे वकिलांची संघटना. वकील अधिनियमात 1973 च्या दुरुस्तीने कलम 9 अ आले. त्यानुसार बार कौन्सिलला पाच ते नऊ सभासदांची कायदा साहाय्य समिती नेमता येते. बार कौन्सिलच्या नियमांतही गरजूला साहाय्य करणे हे वकिलाचे मोठे कर्तव्य मानले आहे.

पण संघटनेची खरी कसोटी वेगळ्याच वेळी लागते. एखादा अमानुष गुन्हा घडतो, गाव पेटून उठते, मोर्चा निघतो, आणि आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये असा ठराव वकिलांच्या बैठकीत मांडला जातो. देशात असे ठराव अनेक ठिकाणी झाले आहेत. 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतरही असा ठराव झाला होता. भावना समजण्यासारखी आहे. वकीलही माणूसच आहे. परंतु 2010 साली मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे सर्व ठराव बेकायदेशीर आणि निरर्थक ठरविले. 2012 साली कसाबच्या अपिलाचा निकाल देताना न्यायालयाने त्याची फाशी कायम केली. त्याच निकालात असेही बजावले की, अटकेतील आरोपीला प्रथम हजर करताच त्याला वकिलाच्या हक्काची कल्पना देणे हे प्रत्येक दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. वकील देऊन, म्हणणे ऐकून घेऊन दिलेली शिक्षाच टिकते. वकिलावाचून झालेला खटला अपिलात उलटू शकतो, आणि मग फिर्यादीच्या दुःखाला पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते. म्हणजे बचावाचा वकील हा एका अर्थाने फिर्यादीच्याही हिताचा असतो.

उणिवा

समित्यांचे सर्व काही सुरळीत आहे असे मानण्याचे कारण नाही. मानधन थोडे, तेही विलंबाने. त्यामुळे अनुभवी वकील या कामाकडे वळण्यास नाखूश असतात. लोकांच्या मनात फुकटचा वकील म्हणजे कमअस्सल वकील, असा समज पक्का आहे. घरातले किडूकमिडूक विकून, सावकाराकडून कर्ज काढून लोक खाजगी वकील करतात. सुप्याच्या दंग्याला दीडशे वर्षे झाली, तरी न्यायालयाची वाट अजून कर्जावरूनच जाते, हे खेदाने म्हणावे लागते. हा समज भाषणांनी जाणार नाही. नामिकेवरचा एक वकील तारखेला वेळेवर आला, आरोपीच्या आईशी दोन शब्द बोलला, आणि साक्षीदाराला नेमका प्रश्न विचारून गेला, तर त्या एका खटल्याने वाडीवस्तीवर जे काम होईल ते शंभर फलकांनी होणार नाही.

आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? विधी सेवा कायद्याखाली स्वयंसेवकांची योजना आहे, आणि त्यासाठी वकील असण्याची अट नाही. अर्ज लिहून देणे, उत्पन्नाचा दाखला कसा काढावा हे सांगणे, ऊसतोडीच्या कोपीवर जाऊन अटक झाली तर प्रथम कोणाकडे जावे याची माहिती देणे, ही कामे कला शाखेचा विद्यार्थी सहज करू शकेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते आणि बंधारे बांधतो. त्यातील एक दिवस या कामाला द्यावा. न्यायालय सर्वांना खुले असते. एखाद्या दिवशी मागच्या बाकावर बसून रिमांडचे काम पाहावे. आरोपीला वकील आहे का, असा प्रश्न न्यायाधीश विचारतात. त्या वेळी पिंजऱ्यातला माणूस आधी मागे वळून बघतो. आपल्यासाठी कोणी उठते आहे का, हे तो पाहत असतो. तेथे कोणीतरी उठले पाहिजे, एवढेच या सर्व कलमांचे आणि समित्यांचे सार आहे.